फाटकाबाहेरची गिरणी

बॉस्टनला लेकीकडे किंवा मुलाकडे राहायला गेलेली मराठी मंडळी हार्वर्डचं आवार पाहतात, बंदर पाहतात, ऑक्टोबर असेल तर पानांचे रंग पाहायला उत्तरेकडे जातात. शहराच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर, मेरिमॅक नदीच्या काठी वसलेलं लोवेल सहसा त्यांच्या यादीत नसतं. ज्यांच्या घरातल्या कुणी ना कुणी परळ-लालबागच्या गिरणीत उमेदीची वर्षं घातली आहेत, त्यांनी तर वाट वाकडी करून हे गाव पाहावं असं मला वाटतं. कापडगिरण्यांसाठी आखून वसवलेलं हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. शंभर वर्षं इथे सूत निघालं, कापड विणलं गेलं, मग धंदा स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे गेला आणि गाव ओस पडलं. 1978 साली अमेरिकी संसदेने कायदा करून या गावाचा जुना मध्यभागच राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केला. त्या देशात राष्ट्रीय उद्यान म्हटलं की दऱ्या, अस्वलं आणि उकळत्या पाण्याचे झरे डोळ्यांसमोर येतात; इथे कालवे आहेत, घंटेचा मनोरा आहे आणि कामगारांची जेवणघरं आहेत. गावातून फिरताना एक गोष्ट मला पक्की पटत गेली. गिरणीची इमारत म्हणजे सगळी गिरणी नसते. नदी, कालवा, खानावळ, कापसाचं शेत, गावाकडे जाणारा पैसा, हे सारं मिळून गिरणी होते, आणि यातलं जेवढं जपावं तेवढाच तिचा इतिहास खरा उतरतो.

गावात शिरल्यावर नदीच्या आधी कालवेच भेटतात. दुकानांच्या मागून, पुलांच्या खालून, विटांच्या उंच भिंतींना घासून पाणी वाहत असतं. सगळे मिळून साधारण नऊ किलोमीटरचे कालवे आहेत. यातला पहिला, पॉटकेट कालवा, 1796 साली खोदला गेला तो गिरण्यांसाठी नव्हता. धबधबा टाळून लाकडं खाली नेता यावीत म्हणून होता. त्या पॉटकेट धबधब्याशी नदी थोड्याच अंतरात दहाएक मीटर खाली उतरते. इथले मूळ रहिवासी पेनाकुक लोक पिढ्यान् पिढ्या इथे मासेमारीला जमत. भांडवलदारांना त्याच उतरणीत यंत्रं फिरवणारी ताकद दिसली. पुढे बांध आले, कालवे वाढले आणि समुद्रातून वर चढणाऱ्या माशांची वाट अडली. नदी पुढची कित्येक वर्षं रंगाच्या पाण्याने डागाळत राहिली. आज काठावर झाडं आहेत, लोक कुत्री घेऊन फिरतात, अनोळखी माणसालाही मान हलवून नमस्कारासारखं काहीतरी करतात आणि पुढे जातात. आपल्याकडे अशा भेटीत निदान गाव कुठलं एवढं तरी विचारलं जातं. इथे ते काम उद्यानाचे रेंजर करतात. सपाट काठाच्या टोप्या घातलेली ही माणसं माहिती देता देता समोरच्याचं घरदार, काम, देश विचारून घेतात आणि त्याच्या उत्तराला धरून पुढचं सांगतात. ही पद्धत मला फार आवडली, कारण त्यामुळे पाहणाराही त्या हकिगतीत ओढला जातो.

कालव्याच्या वरच्या अंगाला फ्रान्सिस गेट आहे. जेम्स फ्रान्सिस हा इथला मुख्य अभियंता. पाण्याच्या ज्या टर्बाइनला त्याचं नाव मिळालं ती आज जगभरच्या जलविद्युत केंद्रांत फिरते. 1850 साली त्याने कालव्याच्या तोंडाशी प्रचंड लाकडी दरवाजा टांगून ठेवला. एवढ्या खर्चाची गरज काय, म्हणून लोकांनी त्याला वेड्यात काढलं. दोनच वर्षांनी महापूर आला, दरवाजा पेलून धरणारं लोखंड छिन्नी-हातोड्याने तोडलं आणि तो खाली पडला, गाव वाचलं. 1936 च्या पुरातही तोच दरवाजा कामी आला. इथे उभं राहिलं की कळतं, गिरणीचं पहिलं यंत्र गिरणीत नाहीच, ते नदीवर आहे. संग्रहालयाने फक्त माग जपले असते आणि हा दरवाजा कुजू दिला असता, तर मागाला ताकद कुठून मिळाली हा प्रश्न पाहणाऱ्याला सुचलाही नसता.

ज्याच्या नावाने हे गाव ओळखलं जातं, त्या फ्रान्सिस कॅबट लोवेलने ते पाहिलंच नाही. तो 1810 ते 1812 या काळात ब्रिटनमध्ये होता. तिथल्या यंत्रमागांचे आराखडे देशाबाहेर नेण्यावर बंदी होती, म्हणून त्याने गिरण्या पाहून यंत्रं डोक्यात साठवली आणि परत आल्यावर पॉल मूडी या कारागिराच्या मदतीने वॉल्थमला यंत्रमाग उभा केला. 1817 साली तो वारला. त्याच्या भागीदारांनी पुढे मेरिमॅककाठची जमीन घेतली, 1823 मध्ये पहिली गिरणी सुरू केली आणि 1826 मध्ये नव्या गावाला त्याचं नाव दिलं. मुंबईच्या पहिल्या गिरणीची गोष्ट त्यानंतर तीसेक वर्षांची. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली, ताडदेवला गिरणी उभी केली आणि यंत्रं विलायतेतून आणली. दोन्ही गावांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरची विद्या उचलली आणि लँकेशायरलाच आव्हान दिलं.

बूट कॉटन मिल्स ही 1835 सालची गिरणी. मधल्या चौकात उभं राहिलं की चारी बाजूंनी लाल विटा आणि खिडक्यांच्या रांगा, आणि वर घंटेचा मनोरा. आपल्याकडे भोंगा होता, इथे घंटा. उठायची घंटा, फाटकाशी हजर व्हायची घंटा, न्याहारीची, परतायची. 1850 च्या सुमाराचं छापील वेळापत्रक पाहिलं तर दिवसाचा एकही तुकडा कामगाराच्या हातात उरलेला दिसत नाही. आठवड्याला सरासरी 73 तास काम. आत, तळमजल्यावर विणकामाचं खातं आहे. तिथे 88 माग ओळीने मांडलेले आहेत आणि त्यातले काही खरोखर चालवले जातात. दारात कानात घालायचे बोळे मिळतात. छताखालून लांबच लांब दांडा फिरत असतो, त्यावरून चामडी पट्टे खाली प्रत्येक मागावर उतरतात. मागाच्या एका अंगाला लाकडी दांडी आहे. ती धोट्याला फटका मारते, धोटा उभ्या धाग्यांच्या मधून पलीकडे जातो, तिथली दांडी त्याला परत फटकावते, फणी पुढे येऊन धागा ठोकते आणि पुन्हा तेच, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. हा आवाज नुसता कानात शिरत नाही, पायाखालच्या फळ्यांतून पोटऱ्यांत चढतो. शेजारी उभ्या माणसाचे ओठ हलतात, शब्द येत नाही. विणलेलं कापड मात्र अगदी सावकाश, बोट-बोट पुढे सरकतं. इतक्या आदळआपटीतून इतकं थोडं कापड, हा हिशेब डोळ्यांनी दिसतो तेव्हा मजुरी या गोष्टीचा विचार वेगळ्या रीतीने सुरू होतो.

यावर एक रास्त आक्षेप घेता येतो. दहा मिनिटं, कानात बोळे घालून, बाहेर पडायची मुभा असताना ऐकलेला आवाज म्हणजे कामगाराचा अनुभव नव्हे; तो पर्यटकाचा थरार आहे. खात्यात सूत तुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवत आणि हवा दमट करत. तंतूंची धूळ छातीत जाई. धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत. यातलं काहीच आज त्या स्वच्छ खोलीत नाही. आक्षेप खरा आहे, आणि तरीही चालणारा माग जपावा असं मी म्हणेन. थांबलेला, तेलपाणी करून चकाकता ठेवलेला माग बघणाऱ्याला फक्त कौतुक करायला लावतो. चालणारा माग निदान शंका उत्पन्न करतो, की हे दिवसाला बारा-तेरा तास कुणी कसं सोसलं असेल. शंकेचं उत्तर मागाजवळ मिळत नाही, त्यासाठी पुढे जावं लागतं. लोवेलचं मोठेपण असं की पुढे जायला जागा ठेवली आहे, आणि ती चौकाबाहेर चार पावलांवर आहे.

ती म्हणजे कंपनीची खानावळ. गिरणीच्या मालकीच्या विटांच्या चाळीसारख्या ओळीतलं एक घर जुन्या रूपात परत उभारलं आहे. आत लांब टेबल मांडलेलं, वर ताटल्या, मागे स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. एका खोलीत चार ते आठ मुली, एका पलंगावर दोघी. न्यू हॅम्पशर, व्हर्मॉन्ट, मेन इथल्या शेतकऱ्यांच्या या लेकी, बहुतेक पंधरा ते तिशीच्या. घर चालवणारी बहुधा विधवा बाई. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. न्याहारीला आणि दुपारच्या जेवणाला अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ, त्यातच गिरणीतून धावत यायचं, मांस, बटाटे, पाई असं भरगच्च जेवण पोटात लोटायचं आणि परत धावायचं. वरच्या खोल्यांतल्या पेट्या, टोप्या, पत्रं पाहताना गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही, पण आरसा उलटा धरावा तसं. तिकडे मुली घर सोडून शहरात आल्या, बाप आणि भाऊ शेतावर राहिले. इकडे सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचे पुरुष आले आणि बायको, आई, पोरं गावी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत वायंडिंग-रीलिंगच्या खात्यांत बायका होत्या, पण साचेखातं, म्हणजे मागांचं खातं, पुरुषांचं. तिकडे मुलीच्या पैशावर भावाचं शिक्षण झालं, शेताचं कर्ज फिटलं. इकडे मनिऑर्डरीवर घराची कौलं बदलली, बहिणीचं लग्न निघालं. एकाच खोलीत पाळी-पाळीने झोपणारे गाववाले, आणि त्यांना जेवू घालणारी खानावळवाली. मालवणी असेल तर भात आणि बांगड्याचं तिखलं, घाटी असेल तर भाकरी आणि झणझणीत रस्सा, आणि वहीत पगाराच्या तारखेपर्यंत उधारी.

फरक एका जागी फार महत्त्वाचा आहे. लोवेलची खानावळ कंपनीची होती, म्हणून तिथलं जेवण हेही मालकाच्या हातातलं हत्यार होतं. 1834 साली मजुरी कापली तेव्हा मुली गिरणीतून बाहेर पडल्या; 1836 साली राहण्या-जेवण्याचा आकार वाढवला तेव्हा पुन्हा, आणि आधीपेक्षा जास्त संख्येने. म्हणजे अमेरिकेतल्या गिरणी-कामगारांच्या सुरुवातीच्या मोठ्या संपांपैकी एक ताटाच्या किमतीवरून झाला. दहा तासांच्या दिवसासाठी 1840 च्या दशकात सेरा बॅग्ली आणि तिच्या सहकारणींनी सह्या गोळा करून विधिमंडळापुढे साक्षी दिल्या. कायदा झाला तो थेट 1874 मध्ये. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवली, त्याच लढ्याची ही थोरली बहीण. गिरणगावातली खानावळ मालकाची नव्हती. ती चालवणारी बाई कामगारांच्याच वस्तीतली होती, आणि संप लांबला की उधारीचं ओझं तिच्या अंगावर पडे, सावकाराचं व्याज वाढे. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. संपाचा इतिहास सभा, मोर्चे आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून लिहिला जातो. खानावळ जपली की ध्यानात येतं, संप किती दिवस टिकेल हे पुष्कळदा चुलीपाशी ठरत होतं.

आता कापसाचा धागा. न्यू इंग्लंडच्या थंडीत कापूस पिकत नाही. लोवेलला येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला होता, आणि इथे विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचा काही भाग त्याच गुलामांच्या अंगावर घालायला परत जात होता. दक्षिणेत अशा कापडाला या गावाच्याच नावाने ओळखत. स्वतः दिवसाला बारा-तेरा तास राबणाऱ्या मुली आपल्याहून कितीतरी हीन अवस्थेतल्या माणसांच्या श्रमाला बांधलेल्या होत्या. त्यांच्यातल्या काहींना हे उमगलं होतं आणि त्यांनी गुलामगिरीविरुद्ध अर्जांवर सह्या केल्या. संग्रहालय हे झाकत नाही, पण मला विचाराल तर या गोष्टीची जागा अगदी दारात हवी, माग दिसण्याआधी. नदीने दिलेली ताकद पाहायला मिळते तसा कापसाला लागलेला घामही आधी दिसला पाहिजे. आणि याच धाग्याला आपली गाठ आहे. 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस अडला, लोवेलच्या गिरण्यांनी हजारो कामगारांना घरी पाठवलं. तोच कापूस न मिळाल्याने लँकेशायरने हिंदुस्थानकडे हात पसरले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर वेड्यासारखे चढले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच सारं कोसळलं. अमरावती-खामगावच्या शेतकऱ्याचं नशीब तेव्हापासून परक्या बाजाराला जे बांधलं गेलं, ते अजून सुटलेलं नाही.

बूट मिल 1950 च्या दशकात बंद झाली. दक्षिणेकडे गेलेल्या धंद्यामागे उरली ती रिकाम्या इमारतींची रांग आणि आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश कामगारांच्या वस्त्या. त्यातली एकर नावाची वस्ती आधी आयरिशांची, मग ग्रीकांची, आणि 1980 च्या दशकापासून ख्मेर रूजच्या संहारातून वाचून आलेल्या कंबोडियन लोकांची. अमेरिकेत कंबोडियन वस्ती लोवेलहून मोठी आहे ती फक्त लाँग बीचला. या लोकांच्या छोट्या हॉटेलांत सकाळी तांदळाच्या शेवयांचं गरम सूप मिळतं. आपण चहात टाकतो ती गवती चहाची पात इथे हळद आणि लसणाबरोबर वाटून माशाच्या रश्शात जाते, आणि आंबवलेल्या मासळीच्या वासाला कोकणातला माणूस नाक मुरडणार नाही. टेबलावर बसल्या बसल्या म्हातारी माणसं तास-तास गप्पा मारतात, कुणी उठा म्हणत नाही. बॉस्टनच्या हॉटेलांतल्या घाईच्या मानाने हे फार घरचं वाटतं. ऑगस्टमध्ये हे लोक मेरिमॅकवर जलोत्सव करतात, लांब होड्यांच्या शर्यती लावतात. पेनाकुकांची मासेमारी, गिरणीचं चाक आणि आता या होड्या, नदी तीच. 2022 साली या गावाला कंबोडियन वंशाचा महापौर मिळाला, अमेरिकेतला पहिला. गिरणीच्या संग्रहालयाशी याचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध सरळ आहे. हे उद्यान व्हावं म्हणून झटणारे शिक्षक पॅट्रिक मोगन यांचा आग्रहच असा होता की इथल्या मुलांना आपल्या आजा-पणज्यांच्या कामाची लाज वाटू नये. त्यांच्या नावाच्या इमारतीत, त्या खानावळीच्याच छपराखाली, गिरणीच्या मुलींबरोबर नंतर आलेल्या सगळ्यांची हकिगत मांडली आहे. येणाऱ्यांची रांग संपलेली नाही, म्हणून संग्रहालयही शेवटच्या मागाशी थांबत नाही.

मुंबईचा विषय काढला की लगेच सांगितलं जातं, की लोवेलला हे परवडलं. तिथे जमिनीला भाव नव्हता, इमारती पाडायलाही कुणी पैसे घालत नव्हतं; गिरणगावातली सहाशे एकर जमीन सोन्याच्या भावाची. त्यात तथ्य आहे. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगार उतरले आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. 1991 च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे, महापालिका, म्हाडा आणि मालक, असे करायचे ठरले. 2001 च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. फिनिक्सचं धुराडं मॉलच्या अंगणात उभं आहे, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि उपाहारगृहं आहेत. पण पैशाच्या अडचणीने इमारत गेली म्हणून बाकीचं जायला हवं होतं असं होत नाही. धुराडं ठेवायला जागा मिळाली, साच्यांचा आवाज टिपून ठेवायला किती जागा लागते? दुसरा आक्षेप याहून जड आहे. कामगारांना अजून हक्काची घरं मिळायची आहेत, तेव्हा संग्रहालयाची भाषा ही भरल्या पोटाची भाषा आहे. घरं आधी मिळायला हवीत यात मला शंका नाही. मात्र घराच्या सोडतीसाठी कामगाराला आपण गिरणीत होतो हे कागदांनी सिद्ध करावं लागतं: पगाराची पावती, हजेरीचं कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा उतारा. जे कागद हक्कासाठी लागतात तेच इतिहासासाठीही लागतात, आणि ते एकाच पत्र्याच्या पेटीत असतात. आठवण जपणं आणि हक्क मागणं या दोन गोष्टी गिरणगावात कधीच वेगळ्या नव्हत्या.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय उभारायची योजना बरीच वर्षं चालू आहे. तिथे यंत्रं असतील, प्रकाशाचे खेळ असतील, कापडाच्या परंपरेची दालनं असतील, त्याला माझी हरकत नाही. पण त्यात गिरणगावातली एक खोली तिच्या मूळ मापाची असावी, भिंतीवर गाववाल्यांच्या पेट्यांची फळी आणि भजनाचा मृदंग असलेली. तिच्या शेजारी खानावळ, आणि तिथे खरोखर जेवायला मिळावं, अन्नपूर्णाच्या बायकांच्या हातचं. वऱ्हाडच्या कापसाची गासडी दारात असावी, भावाच्या पाटीसकट. साचा एक तरी चालता असावा आणि तो निवृत्त साचेवाल्याने चालवून दाखवावा, कारण असे हात अजून आहेत, पण वयाने फार पुढे गेलेले आहेत. खानावळवाल्यांच्या उधारीच्या वह्या परळ-लालबागच्या पोटमाळ्यांवर अजून कुठे कुठे सापडतील. त्या मागून आणायला, त्यातली नावं नि हिशेब उतरवून घ्यायला इमारतीचा नकाशा मंजूर होण्याची वाट पाहायचं काहीच कारण नाही.